समुद्र वर आला की जमीन खाली गेली?

मोजमापांच्या इतिहासावरच्या या मालिकेत आज आपण समुद्राची उंची मोजणार आहोत.

रेल्वेच्या प्रवासात स्टेशनवरची पिवळी पाटी तुम्ही पाहिलीच असेल. गावाचं नाव, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. भुसावळ असो, इंदूर असो की हैदराबाद, समुद्र शेकडो किलोमीटर लांब असतो. तरी उंची मोजायची ती त्याच्यापासूनच. मग हा समुद्र नेमका कुठला? आणि त्याची पातळी कुणी ठरवली?

आपल्या देशापुरतं याचं उत्तर १९०९ सालातलं आहे. त्या वेळी नऊ बंदरांमधली समुद्राची सरासरी पातळी शून्य धरली गेली. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरचं फॉल्स पॉइंट, ही ती नऊ बंदरं. तिथून मैलोगणती समपातळी रेषा आखत सर्वेक्षक देशभर फिरले आणि उंची आतल्या गावांपर्यंत पोचली. तेव्हा त्या पाटीच्या मुळाशी बंदरातला एक साधा यांत्रिक खटाटोप आहे. तो आधी समजून घेऊ.

समुद्र एका जागी थांबत नाही. आमच्या कोकणातला मच्छीमार सांगेल की अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि अष्टमीच्या आसपास भांग. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरांच्या आसपास चढतं. त्यावर लाटा वेगळ्याच. अशा पाण्याची सरासरी काढायची तर ते रात्रंदिवस, वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं. त्यासाठी धक्क्यालगत उभी विहीर बांधायची, तिला तळाशी लहानसं भोक ठेवायचं. बाहेर लाटा आदळत असल्या तरी आत पाणी शांतपणे वरखाली होतं. त्या पाण्यावर एक तरंगता गोळा, गोळ्याला तार, तारेला पेन्सिल आणि घड्याळावर फिरणारा कागद गुंडाळलेला रूळ. झालं भरतीमापक यंत्र. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून अशी नोंद सुरू झाली. आशियातल्या सर्वांत जुन्या आणि लांब नोंदींमध्ये तिची गणना होते.

पण आजची गोष्ट मुंबईच्याही थोडी आधी, कच्छच्या आखातात सुरू होते. १८१९ च्या जूनमध्ये कच्छला मोठा भूकंप झाला. जमिनीचा एक लांबलचक पट्टा वर उचलला गेला, त्याला लोक अल्लाहबंद म्हणू लागले. आणि त्याच्या दक्षिणेला सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. पुढची अनेक वर्षं एक शंका राहिली: इथली जमीन आजही हळूहळू हलते आहे का? ते तपासायला १८७३ ते १८७५ या काळात कॅप्टन बेअर्ड या अधिकाऱ्याने आखाताच्या तोंडाशी ओखा, मध्ये नवानार आणि टोकाला हंसथळ अशी तीन ठिकाणी भरतीमापकं बसवली. आज पातळी मोजून ठेवायची, काही वर्षांनी पुन्हा मोजायची आणि फरक पाहायचा, असा हेतू होता.

इथे जरा थांबा, कारण आजच्या भाषणाचा मुद्दा याच हेतूत आहे. समजा, दुसऱ्यांदा मोजल्यावर पाणी वीतभर वर दिसलं. मग समुद्र वर आला, की जमीन खाली गेली? यंत्र धक्क्यावर आहे आणि धक्का जमिनीवर आहे. जमीन खचली तर यंत्रही तिच्याबरोबर खाली जाणार, आणि कागदावर मात्र समुद्र चढल्यासारखा दिसणार. भरतीमापक नेहमी दोन गोष्टींमधला फरक सांगतं. त्यातली कुठली हलली, ते त्याला सांगता येत नाही.

हा निव्वळ पुस्तकी वाद नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या परिसरातली जमीन सुमारे एक मीटर खचली, आणि उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळाचे खडक पाण्याबाहेर येऊन कोरडे पडले. समुद्र एकच होता. एका बेटावर तो चढला आणि दुसऱ्या बेटावर उतरला, असं किनाऱ्यावरच्या माणसाला दिसलं. संथपणे घडणारं उदाहरणही आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरच्या जुन्या नोंदी एकत्र तपासल्या. चाळीस वर्षांहून लांब नोंदींतून पातळीतली वाढ वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर निघाली. पण हुगळीवरच्या डायमंड हार्बरला ती ५ मिलिमीटरांहून जास्त होती. तिथला त्रिभुज प्रदेश गाळाचा आहे, आणि गाळ दबतो, खचतो. म्हणजे त्या आकड्यात समुद्राचा वाटा किती आणि जमिनीचा किती, हे वेगळं काढावं लागतं. सुंदरबनात बांध किती उंच घालायचा, हे त्यावर ठरतं.

समुद्राकडे जमिनीच्या आधाराशिवाय पाहता आलं तर? १९९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांनी टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह सोडला. तो खाली रडारचा ठोका मारी आणि तो परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून पाण्याची उंची काढी. आपल्या इस्रोनेही फ्रान्सबरोबर २०१३ मध्ये 'सरल' हा अशाच कामाचा उपग्रह सोडला. या उपग्रहांनी खुल्या समुद्राची उंची काही सेंटिमीटरांइतकी नेमकी दिली. पण त्यांना दोन अडचणी होत्या. उपग्रह पाहतो ते आपल्या बरोबर खालच्या रेषेवर. टोपेक्सला त्याच रेषेवर परत यायला सुमारे दहा दिवस लागत. आणि किनारा जवळ आला की जमिनीचा प्रतिध्वनी पाण्याच्या प्रतिध्वनीत मिसळतो. जिथे माणसं राहतात, नेमका तिथेच आकडा बिघडतो.

याच सुमारास जीपीएस आलं होतं. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून त्याचे उपग्रह अखंड सिग्नल पाठवत असतात. सिग्नल यायला लागलेल्या वेळावरून रिसीव्हर आपली जागा काढतो. भूशास्त्रज्ञांना याने मोठं साधन मिळालं. खडकात खांब रोवायचा, त्यावर अँटेना बसवायचा, वर्षानुवर्षं तिथेच ठेवायचा. जमीन वर्षाला काही मिलिमीटर सरकली तरी कळतं. म्हणजे कच्छच्या प्रश्नाचा जमिनीकडचा अर्धा भाग सुटला.

त्यात एक त्रास मात्र होता. सिग्नल उपग्रहाकडून सरळ येतो, तसाच तो भिंतीवर, ओल्या मातीवर किंवा पाण्यावर आपटूनही येतो. हा दुसरा सिग्नल थोडा जास्त रस्ता चालून आलेला असतो, त्यामुळे हिशेब चुकवतो. इंजिनिअर याला मल्टिपाथ म्हणतात. त्याला हटवण्यासाठी अँटेनाभोवती धातूची खोबणदार कडी बसवली गेली, क्षितिजाजवळचे उपग्रह हिशेबातून वगळले गेले, पाण्याशेजारची जागा टाळली गेली. परावर्तित सिग्नल म्हणजे कचरा, हे या क्षेत्रात गृहीतच होतं.

१९९३ मध्ये युरोपियन अवकाश संस्थेतले मानुएल मार्टिन-नेइरा यांनी उलटा विचार मांडला. पाण्यावर आपटलेला सिग्नल जास्त रस्ता चालतो, आणि तो किती जास्त चालतो हे पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतं. मग तोच फरक मोजला तर? पाठवणारे उपग्रह आधीच वर आहेत. आपण फक्त ऐकायचं. शिवाय एका वेळी अनेक जीपीएस उपग्रह दिसतात, त्यामुळे पाण्यावर अनेक जागी एकाच वेळी मोजता येईल. म्हणजे रडार उपग्रहाची पहिली अडचण थेट सुटते. या योजनेला त्यांनी 'पॅरिस' हे लघुनाम दिलं. जवळपास त्याच काळात फ्रान्समध्ये विमानावरच्या एका चाचणीत रिसीव्हरने समुद्रावरून उसळलेला सिग्नलच पकडल्याचं दिसलं. तो अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना कागदावर होती, आणि निसर्गाने तिला आपणहून दुजोरा दिला होता.

१९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या झीलंड पुलावर याची चाचणी झाली. पाण्यापासून सुमारे १८ मीटर उंचीवर एक अँटेना आकाशाकडे आणि एक पाण्याकडे तोंड करून ठेवला. पाण्याकडचा अँटेना वेगळ्या जातीचा लागतो. जीपीएसची लहर उजव्या मळसूत्रासारखी फिरत येते आणि पाण्यावर आपटली की डाव्या बाजूने फिरू लागते. आरशात उजवा हात डावा दिसावा, तसं. पुलावरून गाडी पुढे विमानांवर गेली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या स्टीफन लो आणि सहकाऱ्यांनी विमानातून सुमारे ५ सेंटिमीटर नेमकेपणाने समुद्राची उंची मोजल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती जास्त आवडते. १९९४ मध्ये स्पेस शटलवरून एक रडार उडालं होतं. त्याच्या जुन्या नोंदी चाळताना त्यांना पृथ्वीवरून परावर्तित झालेला जीपीएसचा सिग्नल सापडला. तो तिथे आठ वर्षं पडून होता. कुणी शोधलाच नव्हता.

आता किनाऱ्यावर परत येऊ, कारण आपला प्रश्न किनाऱ्यावरचा आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या क्रिस्टीन लार्सन या जीपीएसने भूकंप आणि जमिनीची हालचाल अभ्यासत. मल्टिपाथ त्यांच्याही आकड्यांत खोडा घालत होता. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आधी त्यातून मातीतला ओलावा काढला, मग बर्फाची जाडी, आणि मग समुद्र. यासाठी खास अँटेना लागत नव्हता. सिग्नल अगदी तिरपा आला तर पाण्यावर आपटल्यावरही त्याचा पुरेसा भाग साध्या अँटेनाला ऐकू येतो.

याची रीत समजायला झोपाळा आठवा. लयीत झोका दिला तर झोपाळा चढतो, उलट्या वेळी दिला तर थबकतो. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून आलेली लहर अँटेनात एकमेकींना भेटतात. कधी लयीत, कधी उलट. उपग्रह क्षितिजावरून वर चढत जातो, तसा दोन रस्त्यांतला फरक बदलत जातो आणि सिग्नलचा जोर वरखाली हेलकावे खातो. या हेलकाव्यांची संख्या पाण्यापासून अँटेना किती उंच आहे, त्यावर ठरते. हिशेब साधा आहे. जास्तीचा रस्ता म्हणजे उंचीच्या दुप्पट गुणिले उपग्रहाच्या कोनाची ज्या, म्हणजे शाळेतला 'साइन'. अँटेना पाण्यापासून ५ मीटर उंच असेल आणि उपग्रह ५ अंशांवरून २५ अंशांपर्यंत चढला, तर हा फरक सुमारे ३.३५ मीटरने वाढतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. म्हणजे साधारण साडेसतरा हेलकावे. ओहोटीने पाणी एक मीटर उतरलं की तेच हेलकावे एकवीसच्या वर जातात. हेलकावे मोजले की पाणी मोजलं गेलं.

लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ चा लेख अलास्कातल्या काचेमॅक उपसागरावर आहे. तिथला जीपीएस अँटेना भरती मोजायला बसवलेलाच नव्हता. त्या उपसागरात मोठ्या उधाणाला पाणी सात मीटरांहून जास्त वरखाली होतं. एक उपग्रह चढेपर्यंतच पाण्याची पातळी बदलते, त्यामुळे तीही दुरुस्ती करावी लागली. शेवटी आकडे जवळच्या सेल्डोविया बंदरातल्या भरतीमापकाशी जुळले. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या अँटेनाला 'अपघाताने झालेलं भरतीमापक' म्हटलं आहे. पुढे २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बर बंदराची दहा वर्षांची तुलना आली. सुटं मोजमाप नेहमीच्या भरतीमापकाशी ताडलं तर सुमारे १२ सेंटिमीटरांचा फरक पडे. दिवसाच्या सरासरीत तो २ सेंटिमीटरांच्या आसपास येई, आणि महिन्याच्या सरासरीत १.३ सेंटिमीटरवर. समुद्रपातळीच्या दीर्घ अभ्यासाला महिन्याची सरासरीच लागते.

आणि इथे कच्छचा प्रश्न सुटतो. तोच अँटेना जमिनीची हालचाल सांगतो आणि तोच पाण्याची पातळी सांगतो. जमीन खचली तर ते सरळ सिग्नलमध्ये दिसतं. पाणी चढलं तर परावर्तित सिग्नलमध्ये. बेअर्डने जो फरक मोजला, त्याचे दोन्ही भाग आता एकाच खांबावर वेगवेगळे मिळतात. शिवाय खांब किनाऱ्यावर, पाण्यापासून दूर. गंजायला, शंख-शिंपल्यांनी भरायला, वादळात वाहून जायला पाण्यात काहीच नाही.

मग जुनी भरतीमापकं काढून टाकायची का? मुळीच नाही. या रीतीला तिरपे आणि मोकळे पाणी दिसावं लागतं. लाटा फार खवळल्या की हेलकावे पुसट होतात. उपग्रह योग्य कोनात असतील तेव्हाच माप मिळतं. म्हणून मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या त्सुनामीसाठी बंदरातलं यंत्रच हवं. आणि मुंबईच्या नोंदीला जे १८७८ पासूनचं वय आहे, ते कुठल्याही नव्या साधनाला उसनं मिळत नाही.

अवकाशातून मोजण्याचं काय झालं, तेही सांगतो. ते काम कठीण निघालं. साध्या नागरी जीपीएस सिग्नलच्या कोडचा एक तुकडा सुमारे ३०० मीटर लांब असतो; त्याने सेंटिमीटर मोजणं म्हणजे गजाने राईचा दाणा मोजणं. २०१४ मध्ये सुटलेल्या ब्रिटनच्या टेकडेमोसॅट-१ या उपग्रहाच्या नोंदींतून २०१६ मध्ये समुद्राची उंची काढली गेली, तेव्हा चूक सात-आठ मीटर होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नासाने सिग्नस हे आठ लहान उपग्रह सोडले, पण ते वादळातला वारा मोजण्यासाठी. वाऱ्याने पाणी खडबडीत झालं की परावर्तित सिग्नल पसरतो, हे त्यांचं तत्त्व. उंचीसाठी वेगळी वाट सापडली. कोड सोडून लहरीचीच लय मोजायची आणि अगदी तिरपे, पाण्याला जवळजवळ घासून येणारे सिग्नल घ्यायचे. २०२० मध्ये एस्तेल कार्देलाक आणि सहकाऱ्यांनी सिग्नसच्याच कच्च्या नोंदींतून, शांत पाण्यावर, काही सेंटिमीटरांचा नेमकेपणा दाखवला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये 'प्रेटी' नावाचा एक छोटा युरोपीय उपग्रह याच कामासाठी सुटला. मार्टिन-नेइरा यांच्या कल्पनेला तोवर तीस वर्षं झाली होती.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जीपीएस केंद्रांच्या फाइलींमध्ये सिग्नलचा जोर हा एक रकाना असतो. जागा काढायला तो लागत नाही. त्यामुळे फाइल लहान करण्यासाठी अनेक ठिकाणी तो गाळला जाई. ज्यांनी तो ठेवला, त्यांच्याकडे किनाऱ्यावरच्या पाण्याची जुनी नोंद आपोआप जमली. ज्यांनी गाळला, त्यांची ती वर्षं गेली. समुद्र मागे जाऊन पुन्हा मोजता येत नाही.

आपल्याकडे २००४ नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने भरतीमापकांच्या जाळ्याला जीपीएसची जोड दिली आहे. किनाऱ्यावर नवा अँटेना बसवताना तो पाण्याकडे मोकळा राहील अशी जागा निवडावी, आणि सिग्नलच्या जोराचा तो रकाना जपून ठेवावा, असं मला वाटतं. त्याला खर्च फारसा नाही. सुंदरबनातला बांध पन्नास वर्षांनी कुणीतरी पुन्हा उंच करायला निघेल, तेव्हा समुद्र वर आला की जमीन खाली गेली, हे त्याला विचारावं लागेल. उत्तर तेव्हाच्या यंत्रात नसेल. आज आपण काय जपून ठेवतो, त्यात असेल.

पुढच्या भागात आपण समुद्र सोडून पुन्हा जमिनीवर येऊ आणि या नऊ बंदरांपासून समपातळी रेषा देशभर कशा नेल्या, ते पाहू. भेटूया.